जमीलसरांचा दुसरा प्रश्न

जमीलसरांना बाजारातून काही आणायला सांगणं सोपं नव्हतं. त्यांची सासुरवाडी मोताळ्याची. तिथल्या आठवडी बाजाराला ते जाणार असले की स्टाफरूममधले आम्ही सगळे त्यांना काही ना काही सांगायचो. सर आधी आमचं सांगणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचे.

"एक किलो वांगी. हिरवी, लहान, काटेरी. भरायची. बरोबर?"

"बरोबर."

"आणि नाही मिळाली तर?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न. मी एकदा वैतागून म्हणालो, "नाही मिळाली तर काहीही आणा हो. भेंडी आणा." त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "भेंडी किती?"

आमच्या ज्युनिअर कॉलेजात पी.टी. शिकवणाऱ्या बोदडेसरांनी एकदा गावरान अंडी सांगितली होती. गावरान मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवशी जमीलसरांनी शर्टाच्या वरच्या खिशाची सेफ्टी पिन काढली आणि बोदडेंना त्यांची नोट परत केली. तीच नोट. एका कोपऱ्यावर शाई सांडलेली.

"अहो, मंग साधी आनाची ना!" बोदडे म्हणाले.

"तुम्ही गावरान म्हनाले. मी तुमचा हात आहे. हातानं डोकं चालवलं का पंचाईत होते."

"अन् नोटही तीच परत?"

"तुमचीच होती. दुसरी काऊन देऊ?"

त्यांच्या कपड्यांना तीन खिसे होते आणि तिन्ही वाटून दिलेले होते. पॅन्टचा उजवा त्यांचा स्वतःचा, डावा घरचा आणि शर्टाचा वरचा, पिन लावलेला, लोकांचा. वरच्या खिशातल्या पैशाने त्यांनी कधी चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. नंतर टाकू म्हणूनही नाही.

मी त्याच कॉलेजात बुककीपिंग शिकवत होतो. खामगावात आम्ही दोघंही सारखीच वर्षं राहिलो, सारख्याच पगारावर. ते एस.पी. शिकवायचे, म्हणजे कंपनीच्या सेक्रेटरीची कामं. विषय माझ्याइतकाच कोरडा. तरी पोरं माझ्या घरी मार्कांचं विचारायला यायची आणि त्यांच्या घरी नुसती बसायला जायची. सहलीचा हिशेब मी पैशापैशाने जुळवला असता, पण सहलीचे पैसे जमा व्हायचे जमीलसरांकडे. आमच्या विहाराच्या जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मी ठेवतो. त्यात आजवर खोट निघाली नाही. तिथेसुद्धा लाउडस्पीकर घ्यायची वेळ आली तेव्हा एक जण म्हणाला, "इंगळेसर, तुमच्या कॉलेजातल्या जमीलसरांले सांगा ना आनाले." मी सांगितलं. त्यांनी आणला. चांगला निघाला.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हा शब्द मी विचार करूनच लिहितो आहे. ते माझ्याहून हुशार नव्हते, आकडेमोडीत तर मुळीच नाही. टक्केवारी काढायला ते कागद मागायचे. पण माणसं आपली वस्तू कुणाच्या हातात विनाविचार ठेवतात, तो हात त्यांचा होता. माझ्याकडे लोक हिशेब तपासायला यायचे. सोपवायला कोणी येत नसे. निदान एकदा तरी कुणी यावं, असं मला फार वाटायचं.

सर आधी मदरशात शिकले होते आणि नंतर बी.कॉम., एम.कॉम. झाले होते. त्यामुळे आखातात नोकरीला गेलेले जुने विद्यार्थी तिथल्या इस्लामी बँकांच्या योजनांचे कागद त्यांना मोबाईलवर पाठवायचे आणि विचारायचे, सर, हे चालेल का? रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर ती वर्गवारी चालायची. मी जायचो, कारण शकीलाभाभींच्या हातचा चहा चांगला असे. आणि सर कुठे अडखळतात का, तेही बघायचं असे.

"हे पाहा सर," एकदा मोबाईल माझ्यापुढे धरून ते म्हणाले. "पैसा गिऱ्हाइकाचा. बँक म्हणते, मी तुमची वकील. तुमच्या वतीनं धंद्यात लावीन, माझा मेहनताना घेईन. याले म्हणते वकाला. बँकेनं मेहनताना न घेता नफ्यात हिस्सा घेतला असता तर तो झाला मुदारबा. दोन्हींत नुकसान झालं तर ते पैसेवाल्याचं. बँकेनं सांगतलेलं मोडलं किंवा हलगर्जी केली, तरच तिच्या अंगावर. इथवर ठीक. आता तिसरं पान पाहा. 'मूळ रकमेची हमी.' झालं! हे कर्ज झालं. आता वरून जे मिळन ते व्याज."

"पण वर ठळक अक्षरात वकाला लिहिलंय."

"वर काहीही लिहू द्या. नुकसान फिरत फिरत कोणाच्या दारात जाऊन बसते, ते पाहाचं. तिथं खरं नाव लिहिलेलं असते."

आता मी सरसावलो. आमच्या पुस्तकात एक धडा होता. व्यापारी आपला माल एजंटाकडे विकायला पाठवतो. एजंटाला कमिशन मिळतं. पण गिऱ्हाइकाने उधारी बुडवली तर मी भरून देईन, अशी हमी एजंटाने घेतली तर त्याला जास्तीचं कमिशन मिळतं. मी हा धडा वर्षानुवर्षं शिकवला होता. "म्हणजे सर, हमी घेणारा एजंट जगात सगळीकडे चालतो. तुमच्याकडेच का नाही?"

त्यांनी हरल्यासारखा चेहरा केला नाही, चिडलेही नाहीत. म्हणाले, "चांगली गोष्ट सांगतली. मले माहीत नव्हतं. पण तेच एक कमिशन मले घेता येत नाही." मग माझ्याकडे वळून, "सर, वकील म्हणजे दुसऱ्याचा हात. मालक म्हणते तिथवर जाते, मालक थांबवते तिथं थांबते. मालकच वारला तर हात तिथल्या तिथं गळून पडते. हातानं हमी घ्याची नसते."

शकीलाभाभी पडद्याआडून म्हणाल्या, "आपल्या हातानं साखर आनाची राहून गेली, तेवढं पाहा!"

निवृत्तीनंतर सर सरकीच्या धंद्यात पडले. खामगाव कापसाचं गाव. जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघते, हंगामात ती स्वस्त असते, पुढे तेलाच्या मिलवाल्यांना लागते तेव्हा भाव चढतो. ज्यांच्याकडे थोडी शिल्लक होती अशा ओळखीच्या चार-पाच जणांनी सरांना आपला वकील केलं. माल ज्याचा त्याच्या नावाचा, वेगवेगळा. पोतं विकलं की नफा सगळा मालकाचा. सरांना पोत्यामागे ठरलेला मेहनताना, नफा होवो न होवो. मी कायद्याच्या अंगाने कुठे फट सापडते का ते शोधलं. ठेवी गोळा करणं आणि हे, यांत फरक होता. फट सापडली नाही.

बोदडे त्यांत पहिले होते. आणि एक दिवस माझी बायको सुनंदा दुपारी ब्लाउज बेतताना म्हणाली, "माये शिवनाचे पैसे मी जमीलसरायले देऊन राह्यली."

"मी फिक्समध्ये टाक म्हणालो होतो."

"तुमी म्हनाले होते. मी हो कुठी म्हनली?"

"नुकसान झालं तर ते भरून देणार नाहीत. माहीत आहे?"

"त्याहीनंच सांगतलं ते. सांगतलं म्हनूनच तं देऊन राह्यली."

वीस वर्षं मी आमच्या घरचा पैसान् पैसा लिहून ठेवत आलो. मला एवढं झोंबलं की जेवताना मी चटणी वाढू नको म्हणालो. मग मी तिला एक अट सुचवली. तुझा माल खामगावच्या बाहेर जाता कामा नये, असं सांग. कारण दिलं, की गोदाम गावात असलं तर मी सायकलवर जाऊन केव्हाही पोती बघू शकतो. कारण खोटं नव्हतं. पण त्या माणसाने एकदा तरी चुकावं म्हणून एखादा नियम असावा, एवढंच खरं तर माझ्या मनात होतं. सुनंदाने माझ्याकडे कात्रीवरून पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

सर भाभींना घेऊन आमच्या घरी आले. मी खुर्ची ओढून पुढे सरकलो, तेवढ्यात सर म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोला. पैसे तुमचे आहेत. इंगळेसर आज पाव्हणे." मी माझ्याच घरात पाहुणा होऊन बसलो.

सुनंदाने सांगितलं. सरकी घ्यायची, भाव चढला की विकायची. माल खामगावच्या बाहेर न्यायचा नाही.

"माल खामगावच्या बाहेर जाणार नाही. बरोबर?"

"हाव."

"आणि खामगावात जागाच नाही राहिली तर?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. "तं मले विचारजा," ती म्हणाली.

तिने आपल्या पोत्यांच्या तोंडांना बांधायला ब्लाउजच्या हिरव्या चिंध्या दिल्या. गोदामात बाकीच्यांची पोती रंगाच्या अक्षरांवरून ओळखायची, हिची हिरव्या झुपक्यांवरून. मी सायकलवर जाऊन बघायचो. हमाल हसायचे. पोतं कधी कमी भरलं नाही. दोन हंगाम चांगले गेले, आणि घरात 'जमीलसर म्हनत होते' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं वाढत गेली.

तिसऱ्या हंगामात गोदाममालकाच्या भावाभावांत वाटणी झाली. गोदाम दोन दिवसांत रिकामं करा, म्हणून निरोप आला. गावात दुसरी जागा नव्हती. जलंबला रेल्वेजवळ एक टिनाचं गोदाम मिळत होतं. सरांनी सगळ्यांना फोन केले. बोदडे म्हणाले, "तुमाले बरं वाटते ते करा." बाकीचेही तेच म्हणाले. आम्ही तेव्हा अमडापूरला सुनंदाच्या भाचीच्या लग्नात होतो. सुनंदाचा फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, आणि मांडवात बँड. सरांनी तीनदा फोन केला. इकडे ट्रक उभा, हमाल ओरडताहेत. शेवटी हिरव्या झुपक्यांची पोतीही ट्रकमध्ये चढली.

चार दिवसांनी अवकाळी वादळ आलं. टिनं उडाली. सरकी भिजली, आणि भिजलेली सरकी ढिगात राहिली की आतून तापते. ती सुकवायला माणसं जाईपर्यंत पोत्यात हात घालवत नव्हता. काळी पडली होती, आंबूस वास येत होता. नंतर ती कवडीमोलाने गेली.

सरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. मला वाटलं होतं, ते भरून देतील. ग्रॅच्युइटी होती, घर स्वतःचं होतं, आणि नाव तर विचारूच नका. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. म्हणून तर सगळे चहाला बसल्यासारखे आरामात बसले होते.

सरांनी पहिल्यांदा एक लिफाफा सुनंदापुढे ठेवला. "वहिनी, तुमची पूर्ण रक्कम." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "तुमची नासकी सरकी विकून जे आलं ते तुमचं. माझा मेहनताना मी कापून घेतला आहे. नुकसान तुमचं आहे. मले वाईट वाटते."

मग बोदडे उभे राहिले. पी.टी.च्या माणसाचा आवाज, बसून काढता येत नाही.

"इंगळेबाईले पुरे, अन् आमाले ठेंगा? काऊन? स्टाफरूमची दोस्ती?"

"तसं नाही."

"मंग कसं? तुमच्यापाशी देनं झालं नसतं तं मी शब्द काढला नसता. तिले देल्ले, म्हंजे हायत ना पैसे!"

"आहेत."

"मंग भरा!"

"भरता येत नाही, बोदडेसर. भरून दिलं तर मी हमी घेतल्यासारखं झालं. मग ते कर्ज. मागच्या दोन हंगामांत तुम्ही जे घेतलं, ते सगळं व्याज ठरन."

"ठरू द्या! मले चालते व्याज. माया बापानंही खाल्लं."

दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. "खुशीनं बक्षीस म्हणून देता येते. पण आज दिलं का पुढच्या साली तुम्ही ते धरून चालाल. धरून चालले का ती अटच झाली. मग मी वकील राहिलो नाही."

"अन् मेहनताना?" बोदडेंचा आवाज आता खाली आला, आणि तो जास्त वाईट वाटला. "आमची सरकी सडली, सर. तुमी त्याच्यातूनही आपली मजुरी कापली?"

"मजुरी केली होती, बोदडेसर."

मी तिथे बसून सारखा विचार करत होतो, की मी असतो तर मेहनताना पहिल्यांदा परत केला असता. लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून. जमीलसरांना लोकांनी चांगलं म्हणावं असं वाटत नव्हतं असं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो पुसायला ते खिशातून रुमाल काढत होते आणि न पुसताच परत ठेवत होते. सुनंदाला का दिले, हे एका वाक्यात सांगून ते सुटले असते. पण एका मालकाची बोलणी दुसऱ्या मालकापुढे काढायची नाहीत, हा त्यांचा आणखी एक कायदा. बोदडे दाराकडे निघाले. पंधरा मिनिटांत हे गावभर होणार होतं, की जमीलसरांनी मित्राच्या बायकोचे तेवढे दिले.

"थांबा हो, बोदडेभाऊ," सुनंदा म्हणाली. "मी अट घातली होती. माल खामगावच्या भाईर न्याचा नाही. नेला. न विचारता नेला. म्हनून मायं नुकसान त्याहीच्या अंगावर गेलं. दोस्ती-गिस्ती काही नाही."

"अट? तुमाले कशी सुचली अट?"

"मले नाही सुचली. याहीले सुचली." तिने अंगठा माझ्याकडे केला. "जमीलसर कुठीतरी चुकले पायजेत म्हनून दोन वर्षं दबा धरून बसले होते. सायकलवर जाऊन पोती पाहे."

खोली हसली. बोदडे हसले. जमीलसर सगळ्यांत मोठ्याने हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि आता त्यांनी घाम पुसला. मीच तेवढा हसलो नाही. मग मी विचारलं, कारण विचारायला दुसरं काही राहिलं नव्हतं, "सर, हिचा फोन लागला नाही तर मला का नाही केला? माझा तर खिशात होता."

"तुम्ही मालक नव्हते ना, सर."

"अहो, पण मी तिला बोलावून दिलं असतं!"

एवढा साधा उपाय त्या दिवशी ट्रकपाशी उभं राहून सरांना सुचलाच नव्हता. मालक नसलेल्या माणसाला विचारायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्याच्या शेजारी मालक बसलेला असू शकतो, हे त्यांना दिसलं नाही. "हाव," ते हळूच म्हणाले. "ते करता आलं असतं. मग तर माझी चूक आणखीच पक्की झाली."

बोदडे म्हणाले, "मंग आमीही अट घातली असती तं आमालेही भेटले असते?"

"मी विचारलं होतं तुम्हाले. जागा नाही राहिली तर? तुम्ही म्हनाले, तुमाले बरं वाटते ते करा."

"भरोसा होता म्हनून म्हनलो ना, लेका!"

ज्यांनी डोळे मिटून माल सोपवला त्यांचं बुडालं होतं, आणि ज्याने खोट काढायला अट घातली त्याच्या घरी पूर्ण रक्कम आली होती. घरी येताना मी सुनंदाला हे म्हणालो. ती म्हणाली, "तुमी खुश हायत का नाही, तेवढं सांगा." माझ्या आडमुठेपणाची रक्कम तिच्या हातात होती, आणि ती ज्या माणसाच्या घरून आली होती, तो मला पूर्वीहून जास्त हवासा वाटत होता आणि पूर्वीहून जास्त सलत होता.

गावाने त्या मेहनतान्याचं पुष्कळ केलं. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, सडक्या सरकीतून मजुरी कापली. सर त्याच टपरीवर उजव्या खिशातून पैसे काढून चहा प्यायचे. पुढच्या हंगामाला त्यांच्याकडे एकट्या सुनंदाने पैसे दिले, तीच अट घालून. त्याच्या पुढच्या हंगामाला बोदडे परत आले, आणि एवढ्या अटी घेऊन आले की सर म्हणाले, "बोदडेसर, मंग तुम्हीच व्हा वकील, मी पैसे देतो."

मागच्या वर्षी सरांच्या छातीचं दुखणं निघालं. संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या सकाळी ते आमच्या घरी आले. सुनंदा चहा ठेवायला उठली तर म्हणाले, "वहिनी, आज इंगळेसरांशी काम आहे."

त्यांची स्वतःची काही पोती गोदामात होती. "ती विकाची आहेत. तुम्ही माझे वकील व्हा."

मी म्हणालो, "मी? बोदडे आहेत, मिलवाल्यांना तुम्ही ओळखता, आणि..."

"तुम्ही सायकलवर जाऊन पोती पाहता," ते म्हणाले. "मेहनताना काय घेणार?"

"तुमच्याकडून काय घेऊ?"

"मग नको. फुकट वकील आळशी असते."

पोत्यामागे त्यांचाच दर ठरला. मग ते बोलले आणि मी म्हणून दाखवलं. "सगळी पोती, खामगावातल्याच मिलला, रोखीनं, आजच्या भावाच्या खाली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तो भाव नाही मिळाला तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना उलटून कोणी विचारला नसावा. त्यांचा चेहरा एखाद्या पोराला उत्तर बरोबर आल्यावर व्हायचा तसा झाला.

"तर थांबा."

"किती?"

"मी येईपर्यंत."

ऑपरेशनच्या दिवशी भाव चढला. मी पोती दोन गाड्यांत भरून मिलवर नेली. वजन झालं. आजवर मला कोणी असं काही सोपवलं नव्हतं, आणि मी ते त्यांच्याहून चांगलं करून दाखवणार होतो. त्यांनी सांगितलेल्याहून वरचा भाव मी घेतला होता. मॅनेजर पावती करायला बसला तेव्हा फोन वाजला. सरांचा मुलगा इम्रान होता. "अंकल, अब्बा नाही राहिले."

मी फोन खिशात ठेवला आणि गाडीवाल्यांना म्हणालो, गाड्या वळवा.

मॅनेजर खुर्चीतून उठला. "अहो सर, वजन झालं! नुसती पावती फाडाची बाकी आहे. असा भाव उद्या नाही भेटणार."

"मला विकता येत नाही. ज्यांनी सांगितलं होतं, ते गेले."

"अहो, म्हणून तर पैसे लागतीन त्यायच्या घरच्यायले!"

बरोबर होतं त्याचं. पण मी त्यांची ओसरी ऐकली होती. हात तिथल्या तिथं गळून पडतो. सरकी आता दुसऱ्यांची होती आणि त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. पोती गोदामात परत उतरली. हमालीचे पैसे मी माझ्या खिशातून दिले, कारण ते कोणाच्या खात्यात टाकायचे ते मला ठरवता येईना.

मातीला माणसं किती होती ते मी मोजलं नाही. माझ्यावेळी एवढी येणार नाहीत, एवढं न मोजताही कळत होतं. बोदडे रडत होते. त्या गर्दीत उभं राहून मला हेवा वाटला, मेलेल्या माणसाचा, आणि मी तो वाटू दिला.

आठवड्यात भाव उतरला. बोदडे टपरीवर भेटले. "काय लेका, दोन तास फोन उशिरा आला असता तं?" मी म्हणालो, "तर विकली असती." "अन् आता?" "आता विचारायला जातो."

सरांच्या बैठकीत इम्रान होता, त्याची बहीण होती, भाभी पडद्याआड होत्या. मी सांगितलं, की सरांची पोती आता तुम्हा सगळ्यांची आहेत, विकली नाहीत, भाव उतरला आहे. त्या दिवशी का विकली नाही तेही सांगितलं. मला वाटलं होतं, रागावतील. इम्रान पुण्यात नोकरी करणारा मुलगा, त्याचे डोळे सुजलेले होते. तो म्हणाला, "अंकल, अब्बांनी तुमच्यावर सोपवलं होतं. तुम्हाला बरं वाटेल ते करा."

हेच वाक्य ऐकायला मी आयुष्यभर थांबलो होतो. आणि आता ते आलं तेव्हा मला बोदडेंची काळी पडलेली सरकी आठवली.

"तसं नाही चालत," मी म्हणालो. "तुम्ही तिघं बोला. भाभी, तुम्हीही. किती पोती विकायची? कोणत्या मिलला? काय भावाला?"

इम्रानने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने पडद्याकडे. बराच वेळ आपसात बोलून त्यांनी एक भाव ठरवला. मी तो म्हणून दाखवला. "बरोबर?"

"बरोबर."

"आणि नाही मिळाला तर?"

पडद्याआडून भाभींचा आवाज आला. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. "अल्ला, हे तर साहेबच बोलून राह्यले."

मला कोणी कोणासारखं म्हटलेलं कधीच आवडलं नाही. त्या दिवशीही आवडलं नाही. मी पडद्याकडे वळून पुन्हा विचारलं, "भाभी, नाही मिळाला तर?"